पुठ्ठ्यावरचे चार बोल्ट

आमच्या गॅरेजच्या कामाच्या वहीत 'तक्रार' नावाचा एक रकाना आहे. तो मी भरते. गाड्या दादा बघतो, माणसं मी बघते, अशी आम्हा भावंडांची वाटणी पंचवीस वर्षं विनाभांडण चालली आहे. त्या रकान्यात आजवर बरंच काही येऊन गेलं. 'वळताना कुईकुई करते.' 'उजवीकडे ओढते.' एकदा तर 'सासरे बसले की बंद पडते.' पण घड्याळकाकांनी त्या मंगळवारी जी तक्रार सांगितली, ती लिहिताना माझं पेन थांबलं.

"लिहा ताई," ते म्हणाले, "ही गाडी चालवावी लागत नाही."

"ही तक्रार झाली की कौतुक?"

"तक्रार." त्यांनी माझ्या खोलीचं दार लोटून घेतलं. बाहेर ऐकायला कोणी नव्हतं, पण सावध माणूस आधी दार लोटतो आणि मग बघतो. "यातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढायचा. हाताने गिअर टाकायचा बसवायचा. क्लचसकट."

घड्याळकाका म्हणजे बँकेसमोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे मालक. अंगाने काडी, बोलणं हळू, आणि उजव्या डोळ्याभोवती भिंग लावून लावून पडलेलं कायमचं वर्तुळ. त्यांची गाडी आमच्या दारात उभी होती. फिकट निळी, लांबलचक, चाळिशी ओलांडलेली. स्टिअरिंगच्या मागे एक दांडी, ती 'डी'वर ओढायची आणि पुढे बसून राहायचं. काका ती दर आठवड्याला स्वतः धुवायचे आणि ओल्या बुटांनी कोणालाही आत घेत नसत. मलाही एकदा पायपुसणं दाखवलं होतं.

दादा हात पुसत आत आला. त्याने ऐकलं आणि हसायलाच लागला. "काका, लोक उलटं मागतात हो. गुडघा कुरकुरायला लागला की म्हणतात, दादा, क्लच काढ. तुम्ही या वयात घालून घेणार? आणि चालवणार कोण?"

"बाई."

दादाचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

आमच्याकडे 'बाई' म्हटलं की पुढे काही जोडावं लागत नाही. अडतीस वर्षं बाईंनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. निम्म्या शहराने स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते त्यांच्या शेजारी बसून. दादाने, मी, बँकेच्या मॅनेजरने, चौकातल्या वाहतूक हवालदारानेसुद्धा. "क्लच म्हणजे दाराची कडी नव्हे, धाडकन सोडायला." "गाडी बंद पडली तर पडू दे, तू बंद पडू नकोस." ही वाक्यं आमच्याकडे कोणाच्याही तोंडी सापडतील, आणि ती म्हणताना प्रत्येकाचा आवाज थोडा वर जातो, कारण बाईंचा आवाज तसाच होता. चौकाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला लोक इंडिकेटर बंद करायचे.

घड्याळकाका त्यांचे यजमान. आणि विद्यार्थीही, आजतागायत. पस्तीस वर्षांपूर्वी ते शिकायला आले. सहा धडे नीट पार पडले. सातवा धडा होता पाण्याच्या टाकीजवळचा चढ: गाडी मधेच थांबवायची आणि मागे न सरकता पुन्हा काढायची. काकांनी तिथे अकरा वेळा गाडी बंद पाडली. बाईंनी त्यांना पास केलं नाही, त्यांच्याशी लग्न केलं. "तेच त्यातल्या त्यात सोपं होतं," असं बाई चारचौघांत सांगायच्या. लग्न झाल्या झाल्या काकांनी ही निळी ऑटोमॅटिक आणली. क्लच नाही, त्यामुळे चढही नाही. बाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि निकाल दिला, "ही गाडी नाही, चाकं लावलेला सोफा आहे." त्या तिच्यात कधीच बसल्या नाहीत. काकांनीही आग्रह केला नाही. पस्तीस वर्षं संसार टिकवायचा तर एवढं सोडून द्यावं लागतं.

आठ महिन्यांपूर्वी स्कूल बंद झालं. शिकायला येणारी मुलं विचारायची, "ऑटोमॅटिक आहे का?" बाई म्हणायच्या, "नाही." मुलं पुढच्या गल्लीतल्या स्कूलमध्ये जायची. शेवटच्या तिमाहीत एकच विद्यार्थी उरला होता, तोही आईने पाठवलेला. बाईंनी स्कूलची गाडी आमच्या मागच्या आवारात आणून लावली, किल्ली दादाच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "काय करायचं ते कर. मला सांगू नकोस." त्यानंतर त्या गॅरेजकडे फिरकल्या नाहीत.

"घरात काय करतात मग?" मी काकांना विचारलं.

"मांडणी बदलते. स्वयंपाकघरातली तीनदा झाली. बाल्कनीतून रस्त्यावरच्या लोकांना दुरुस्त करायची, आता तेही बंद." काकांनी खिशातून घड्याळ काढलं, बघितलं, परत ठेवलं. त्यांना वेळ बघायची नव्हती. "ताई, तिचा आवाज लहान झालाय. काल मी मोजलं. सकाळपासून झोपेपर्यंत अकरा वाक्यं. त्यातली चार दुधाबद्दल. मी आयुष्यभर घड्याळं कानाशी धरली. चावी संपत आली की आधी आवाज बारीक होतो, मग काटे थांबतात."

दादाने लावलेलं बटण पुन्हा काढलं.

"तिला म्हटलं, स्कूलची गाडी घरी आणू. नको म्हणाली. ती गाडी म्हणजे हरलेला खटला आहे तिच्यासाठी. पण ही गाडी क्लचची झाली, तर ती चालवेल. बाहेर पडेल. कोणाला तरी ओरडेल."

"आणि तुम्ही?" मी मुद्द्यावर आले. "गिअरबॉक्स बदलला की तुम्हाला स्वतःची गाडी चालवता येणार नाही. पस्तीस वर्षं जपलीत ती."

"शेजारी बसेन."

"जमेल?"

"सराव चालू आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "दोन संध्याकाळी दारात उभ्या गाडीत त्या सीटवर बसून बघितलं. बाहेरचं बरंच दिसतं तिथून."

मी 'तक्रार' रकान्यात त्यांचेच शब्द लिहिले. 'मुदत' रकान्यात तीन आठवडे. 'सूचना' रकान्यात: बाईंना कळता कामा नये.

गिअरबॉक्स कुठून आणायचा हा प्रश्न दादाने जेवायच्या सुट्टीत सोडवला. हातात अर्धी पोळी धरून तो मागच्या आवारात गेला आणि स्कूलच्या गाडीपुढे उभा राहिला. टपावरचा 'एल'चा फलक अजून तसाच होता. दोन्ही गाड्या एकाच कारखान्याच्या, एकाच काळातल्या. इंजिन एकाच घराण्यातलं. निळी म्हणजे थोरली जाऊ आणि ही धाकटी.

"हिचाच तिला बसेल," दादा म्हणाला.

"बाईंच्या गाडीला पाना लावणार तू?"

"काय करायचं ते कर असं म्हणाल्यात." पण हे तो त्या गाडीकडे पाठ करून, हळू आवाजात म्हणाला.

आता दादाची कामाची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. दादा कुठलंही मोठं काम काढलं की एक मोठा पुठ्ठा घेतो. त्यावर खडूने त्या भागाचं चित्र काढतो आणि जो बोल्ट जिथून निघाला, तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचून ठेवतो. लांब बोल्ट वर, आखूड खाली, वाकडा असेल तर वाकडाच. प्रत्येकाखाली तो कुठला हे मी लिहिते, कारण दादाचं अक्षर दादालाही लागत नाही. मग बसवताना तो पुठ्ठ्यावरून एकेक उचलत जातो. पुठ्ठा रिकामा झाला की काम झालं. काम संपल्यावर ज्याच्याकडे बोल्ट उरतात, त्या मेकॅनिकला दादा माणसांत धरत नाही. पंचवीस वर्षांत त्याच्या पुठ्ठ्यावर काही उरलेलं मी पाहिलं नाही, आणि हे तो मला आठवड्यातून एकदा ऐकवतो.

स्कूलची गाडी त्याने दोन दिवसांत सोलली. गिअरबॉक्स, क्लच, जड फ्लायव्हील, पेडलं, त्यांच्या सळया, सगळं निघालं. पुठ्ठा साळिंदरासारखा दिसायला लागला. मी खाली वाकून लिहीत गेले: 'घंटाघर वरचे', 'घंटाघर खालचे', 'पेडल उजवं', 'आडवी सळई'. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या त्या घंटेसारख्या भांड्याला आम्ही घंटाघर म्हणतो.

मग निळीची पाळी आली. तिच्या पोटातून लाल तेलाची बादली भरली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खाली उतरवायला दादाला जॅक आणि शेजारचा सुतार दोन्ही लागले. जमिनीवर ठेवल्यावर तो एखाद्या झोपलेल्या म्हशीएवढा दिसत होता. काका दुपारच्या सुट्टीत आले, त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि त्याला दोन बोटं लावून म्हणाले, "बिचाऱ्याने माझ्यासाठी फार केलं."

"काका, तो गेलेला नाही. कपाटामागे ठेवतोय."

"तरी."

पुढचं काम म्हणजे थोरलीच्या अंगात धाकटीचं आतडं बसवणं. इंजिनाच्या टोकाच्या भोकात एक छोटा पितळी बुश ठोकावा लागतो, ऑटोमॅटिकला तो नसतो. तो विसरला की महिन्याभरात गिअरबॉक्स रडायला लागतो. दादा विसरला नाही. क्लचची प्लेट नेमकी मध्यावर यावी म्हणून त्याने सुताराकडून लाकडाची दांडी तासून आणली. मधला शाफ्ट कापून जोडून घेतला. जमिनीत गिअरच्या दांड्यासाठी भोक पाडलं आणि शेजारची सीट काढून ठेवली, म्हणजे आडवं होऊन काम करायला जागा मिळाली. स्टिअरिंगमागची जुनी दांडी निघाली. ब्रेकचं रुंद पेडल गेलं, दोन अरुंद आली.

दरम्यान बाईंचा फोन आला. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी.

"अगं, ती गाडी किती दिवस ठेवणार आहात?"

"सर्व्हिसिंग चालू आहे बाई."

"दोन आठवडे? त्या गाडीला बिघडायला आहे काय? ती दिवसभर करते काय?"

"तपासणी…"

"खोटं बोलण्याआधी तू श्वास घेतेस. शिकायला यायचीस तेव्हाही घ्यायचीस." आणि मग एक आवाज, जो मी ओळखलाच नाही, इतका बारीक. "विकली का त्यांनी? खरं सांग. मी सोफा सोफा म्हणायचे म्हणून विकली असेल तर…"

"नाही हो बाई, विकली नाही, शपथेवर…"

पण फोन ठेवलेला होता. मी वही मिटली. काका म्हणत होते ते खरं होतं. हा आवाज चौकच काय, टेबलही ओलांडत नव्हता.

मी दादाला म्हटलं, "तीन आठवडे नाही. या शनिवारच्या आत."

दादाने हिशोब मांडायला बोटं वर केली, माझं तोंड बघितलं आणि बोटं खाली घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी जोडून झाली आणि चालूच होईना. किल्ली फिरवली की दिवे लागत, स्टार्टर मात्र टक्कन सोडाच, हुंकारही देत नव्हता. दादाने बॅटरी बदलली. स्टार्टरवर हातोडीने हळूच ठोकलं, मग जोरात ठोकलं. घड्याळकाका दुकान बंद करून आले होते, ते बाजूला उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "मी बघू का?"

"बघा," दादा म्हणाला. थकलेला माणूस कोणालाही बघू देतो.

काकांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि डॅशबोर्डखाली शिरले. बराच वेळ फक्त त्यांचे बूट दिसत होते, स्वच्छ पुसलेले. मग आतून आवाज आला, "दादा, जुनी दांडी 'पी'वर असली तरच ही सुरू व्हायची ना?"

"हो, म्हणजे गाडी चालू होताच पळू नये म्हणून…" दादा बोलता बोलता थांबला.

"दांडी गेली. पण ही अजून तिच्या निरोपाची वाट बघतेय. इथे दोन तारा मोकळ्या आहेत." काकांनी त्या एकमेकींना जोडल्या. दादाने किल्ली फिरवली, आणि निळी जी जागी झाली ती थेट गुरगुरतच. पस्तीस वर्षांत काकांनी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. डॅशबोर्डखालून बाहेर येताना त्यांचं डोकं आपटलं, तरी ते हसत होते.

दादाने शेजारच्या सीटविनाच आवारात चार फेऱ्या मारल्या. पहिला, दुसरा, मागचा. दुसरा गिअर स्कूलच्या गाडीत अडायचा तसाच इथेही अडला. मग त्याने पुठ्ठा उचलून मला दाखवला. एकही बोल्ट नव्हता. "बघ," तो म्हणाला. "रिकामा."

शनिवारी सकाळी सीट परत बसवली. गाडी गेटच्या आतल्या बाजूला, उताराच्या पायथ्याशी उभी केली. आमचं आवार रस्त्यापेक्षा कमरेएवढं खाली आहे, त्यामुळे बाहेर पडताना एक छोटासा खडा चढ लागतो. काका घरी जाऊन बाईंना घेऊन येणार होते. त्यासाठी त्यांनी तीन बहाणे तयार केले होते आणि कागदावर लिहिले होते. त्याआधी ते शेजारच्या दाराची मूठ पुसत होते, आता तीच आपली म्हणून.

मी आत वही पूर्ण करत होते. पुठ्ठ्याची यादी उतरवून घ्यायची माझी पद्धत आहे. घंटाघर वरचे, आले. खालचे, आले. पेडल उजवं, आलं. आडवी सळई, आली. आणि पुठ्ठ्याच्या डाव्या कोपऱ्यात चार रिकामी भोकं, खाली माझ्याच सुवाच्य अक्षरात: 'बाईंचे'.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

स्कूलच्या गाडीला पेडलं दोनदा असतात. शिकणाऱ्यापुढे एक जोड, शिकवणाऱ्यापुढे दुसरी. मधे आडवी सळई. विद्यार्थ्याने घोटाळा केला की बाई आपल्या बाजूने क्लच किंवा ब्रेक दाबायच्या आणि सगळे वाचायचे. दर दोन वर्षांनी ही दुसरी जोड सैल व्हायची, तेव्हा दादाच ती काढून, दुरुस्त करून परत बसवून द्यायचा.

मी बाहेर धावले, शेजारच्या बाजूने खाली वाकून बघितलं. निळ्या गाडीच्या निळ्या गालिच्यातून दोन काळी पेडलं वर आली होती. अगदी व्यवस्थित. चारही बोल्ट घट्ट.

"दादा!"

तो आला, वाकला, आणि त्याने कपाळावर हात मारला तो काळ्या तेलाचा ठसा उमटवूनच. "पुठ्ठ्यावर होते गं."

"पुठ्ठ्यावर होते म्हणून बसवलेस? धडधाकट गाडीला भोकं पाडून?"

"हाताने बसवले. मी कुठे बसवले? हाताला सवय. आणि लेबल कोणी लावलं?"

"काढ आता. पटकन. काकांना कळायच्या आत."

"काय काढायचं?" काकांनी विचारलं. ते गाडीच्या पलीकडे उभे होते, हातात फडकं. आणि आमच्यापैकी कोणी काही बोलायच्या आत गेटवरून आवाज आला, बारीक पण स्पष्ट:

"म्हणजे विकलेली नाही."

बाई चालत आल्या होत्या. घरापासून अर्ध्या तासाची वाट, एकट्या. हातात पिशवीसुद्धा नव्हती. काका पाठ केलेले तिन्ही बहाणे एकदम सांगायला गेले आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. त्यांनी नुसता किल्लीचा हात पुढे केला.

"बाई," ते म्हणाले, "गाडी तुमची."

"मला कशाला तुमचा सोफा?" पण बोलताना बाईंनी खिडकीतून आत बघितलं होतं, आणि वाक्य तिथेच सुटलं. जमिनीतून गिअरचा दांडा वर आला होता. त्याच्या टोकाचा गोळा हजार हातांनी घासून गुळगुळीत झालेला, आकडे केव्हाच पुसलेले. तो गोळा बाईंनी कुठेही ओळखला असता.

"अरे," त्या दादाकडे न बघता म्हणाल्या, "माझी गाडी उघडलीस?"

"हो बाई." दादा एकदम अठरा वर्षांचा झाला होता. "तुम्ही म्हणाला होता की…"

"दुसरा अजून अडतो?"

"अडतो बाई."

"नीट का नाही केलास?"

"तो तसाच आहे बाई. तुम्ही त्यावरच शिकवायचात. जरा थांबा, मग टाका म्हणून."

बाईंनी किल्ली घेतली. काका लगबगीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून उभे राहिले, पायपुसणं दाखवायचंही विसरले. बाई बसल्या. सीट पुढे घेतली, आरसा आपल्या उंचीला वळवला. काका गाडीला वळसा घालून जवळजवळ पळत दुसऱ्या बाजूला आले. मी तोंड उघडलं, दादाने माझा दंड धरला. काका आत बसले, ऐटीत पाय लांब केले.

आणि बाईंच्या पायाखालचं क्लचचं पेडल आपोआप तळाशी गेलं.

"हे कोणी दाबलं?"

बाईंनी मान वळवली. काकांच्या चकचकीत बुटाकडे बघितलं, बुटाखालच्या पेडलकडे बघितलं. काकांनीही बघितलं, आणि गरम तव्यावरून उचलावा तसा पाय उचलला. क्लच वर आला.

"चुकून बसलं बाई!" दादा म्हणाला. "पुठ्ठ्यावर होतं, अर्ध्या तासात काढतो…"

"हात लावू नकोस." बाई त्या दोन पेडलांकडे बघत होत्या. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. वहीत त्याला रकाना नाही. मग त्यांनी श्वास घेतला, आणि तो आवाज आला. आठ महिने कुठे होता कोण जाणे, पण आला तो पूर्ण वाढलेला.

"उतरा!"

समोरच्या दुकानातला शिंपी बाहेर येऊन उभा राहिला. चौकातल्या हवालदाराने मागे वळून बघितलं, असं तो नंतर स्वतः सांगत होता.

"अं?" काका म्हणाले.

"त्या सीटवर तुम्हाला कोणी बसवलं? ती माझी जागा आहे. इकडे या."

"बाई, मला क्लच… तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासाठी केलंय हे सगळं. तुम्ही चालवा."

"मी आयुष्यात गाडी किती चालवली हो? घरून स्कूल, स्कूलमधून घर. बाकी अडतीस वर्षं मी इथे बसले होते." त्यांनी शेजारच्या सीटवर हात आपटला, तो काकांच्या गुडघ्यावर बसला. "उठा."

दोघांनी जागा बदलल्या. काका स्टिअरिंगमागे बसले तेव्हा त्यांचा चेहरा घड्याळाच्या तबकडीइतका पांढरा होता. त्यांची गाडी, त्यांची सीट, आणि पायाखाली तीन पेडलं. पुढे आमच्या गेटचा चढ.

"आरसा," बाई म्हणाल्या.

काकांनी आरसा नीट केला.

"कुठला धडा राहिला होता?"

"सातवा," काका म्हणाले. विचार करावा लागला नाही.

पहिल्यांदा गाडी एक उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदा उडीही मारली नाही. दादा माझ्या शेजारी उभा राहून हवेतच डावा पाय हळूहळू सोडून दाखवत होता, शिंपीही तेच करत होता. "गाडी बंद पडली तर पडू दे," आतून आवाज रस्ताभर ऐकू आला, "तुम्ही बंद पडू नका! पुन्हा!" तिसऱ्यांदा इंजिन गुरगुरलं, नाक थोडं वर उचललं गेलं, एक क्षण सगळं थरथरत जागच्या जागी राहिलं, आणि निळी गाडी चढ चढून रस्त्यावर गेली. इंडिकेटर देऊन.

"बाईंनी दाबलं का रे मधे?" मी विचारलं.

"कसं कळणार? सळई एकच आहे. एकाने दाबलं की दोन्ही हलतात."

मी 'काम पूर्ण' रकान्यात तारीख घातली. शेरा काही लिहिला नाही.

याला आता सहा आठवडे झाले. ती पेडलं कोणी काढली नाहीत. रोज सकाळी अकराला निळी गाडी आमच्यासमोरून जाते, आणि ती येतेय हे दिसायच्या आधी ऐकू येतं. बाईंनी जुनी हजेरीवही माळ्यावरून काढली आहे. रस्त्यात एखादा ऑटोमॅटिकवाला चुकला तर त्यालाही त्या खिडकीतून धडा देतात, विनामूल्य. परवा तर दोन मुली विचारत आल्या म्हणे, की क्लच शिकवाल का. बाईंनी त्यांना थांबायला सांगितलं आहे, आधीचा विद्यार्थी अजून पास व्हायचा आहे.

काल काका एकटे आले, चालत, मोकळ्या झालेल्या एका तारेचं विचारायला. मी म्हटलं, "काका, सहा आठवडे झाले. टाकीचा चढ अजून जमत नाही?"

त्यांनी दार लोटून घेतलं.

"पंधरा दिवसांपूर्वीच जमला," ते हळूच म्हणाले. "काल तिथे दोनदा मुद्दाम बंद पाडली. तिला सांगू नका."

"अहो काका, पेडलं जोडलेली आहेत. तुमचा पाय काय करतोय ते त्यांच्या पायाला कळतं. आयुष्य गेलंय त्यांचं त्यात."

हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. डोळ्याभोवतीचं ते वर्तुळ चोळत त्यांनी बराच वेळ विचार केला.

"मग काल हजेरीवहीत काय लिहिलं त्यांनी?" मी विचारलं.

"सातवा," काका म्हणाले, आणि त्यांच्या तोंडभर हसू पसरत गेलं. "अपूर्ण."